फाइल का अडते? भिंत पाडण्याआधी खिडकी तपासा

(शाखा-चिटणीस व कार्यालयीन कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात कार्यालय विभागातर्फे केलेल्या भाषणाचा मजकूर)



अभ्यासवर्गात वेतन, पेन्शन, शिस्तभंगाची प्रकरणे यांवर बोलण्याची आपली रीत आहे. आज कार्यालय सांभाळणाऱ्या आम्हा कार्यकर्त्यांना वेळ मिळाला आहे तो फायरवॉल आणि पोर्ट या विषयासाठी. विषय जाहीर झाला तेव्हा मागच्या बाकांवर कुजबुज झाली, ती आम्ही ऐकली. हे कॉम्प्युटरवाल्यांचे काम, आपल्याला त्याचे काय, असे काहींना वाटले असेल. म्हणून आधी एक प्रकरण सांगतो.

महाराष्ट्राबाहेरच्या एका जंक्शनवरील आपल्या सभासदाला सेवेतून काढून टाकण्याची शिक्षा झाली. अपिलाची मुदत आपणां सर्वांना पाठ आहे. रेल्वेत १९६८ चे शिस्त व अपील नियम, टपाल खात्यात १९६५ चे केंद्रीय नागरी सेवा नियम. दोन्हीकडे आदेशाची प्रत हाती पडल्यापासून ४५ दिवस. चौकशीचे कागद, साक्षी, उलटतपासणी मिळून सुमारे तीनशे पाने शाखेने स्कॅन केली. ईमेलने ती जाईनात, कारण जीमेलसारख्या सेवेत जोडपत्राची मर्यादा २५ मेगाबाइटची आहे. सभासदांचे कागद कुठल्या कंपनीच्या भाड्याच्या कपाटात ठेवायचे नाहीत, असे आपल्या समितीने ठरवलेले. तेव्हा शाखेने ती फाइल सिंकथिंग या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरच्या सामायिक फोल्डरात ठेवली. हे सॉफ्टवेअर दोन संगणकांमध्ये फाइली थेट पोचवते, मध्ये कोणाचे गोदाम लागत नाही.

बेचाळिसावा दिवस उजाडला. शाखेच्या पडद्यावर एकच ओळ : जोडणी नाही. आमच्या पडद्यावरही तेच. सकाळपासून दुपारपर्यंत आम्ही दोन्ही संगणक चारदा बंद-चालू केले. शेवटी फोनवरून एका जाणत्या मित्राने सांगितले, "अहो, फायरवॉल बंद करून टाका." आम्ही बंद केली. दोन मिनिटांत फाइल यायला लागली. चव्वेचाळिसाव्या दिवशी अपील दाखल झाले.

इथपर्यंत गोष्ट गोड आहे. पुढची सांगायला संकोच वाटतो, पण सांगितलीच पाहिजे. फायरवॉल पुन्हा चालू करायची आम्ही विसरलो. एकोणीस दिवसांनी दुसऱ्याच कामासाठी तो संगणक उघडला तेव्हा ते ध्यानात आले. त्या संगणकावर सभासदांच्या याद्या, बँक खात्यांचे क्रमांक, विधवा भगिनींची कुटुंब-पेन्शनची प्रकरणे होती. मध्ये राउटर असल्यामुळे बाहेरच्या जगाला सरसकट मोकळीक नव्हती. पण कार्यालयाचा वायफाय वापरणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलला आणि लॅपटॉपला त्या संगणकाचे दार ठोठावता येत होते. काही गेले नाही, ही आपली हुशारी नाही, नशीब आहे. आणि खरी खूण पटली तेव्हा कळले की बिघाड एका चुकीच्या नियमाचा होता. तो नियम काढायला दोन मिनिटेही लागली नसती.

आज जे सांगायचे आहे ते एवढेच. फाइल अडली तर ती कोणत्या दारावर अडली ते शोधा आणि तेवढेच दार, तेवढ्याच कामासाठी उघडा. सगळी भिंत पाडू नका.

पत्ता, खिडकी आणि गेटमन

ही यंत्रणा आपल्या दोन्ही खात्यांच्या माणसांना इतरांपेक्षा लवकर कळेल, असा आमचा अनुभव आहे.

प्रत्येक संगणकाला जाळ्यात एक पत्ता असतो, त्याला आयपी पत्ता म्हणतात. पण नुसत्या पत्त्याने भागत नाही. पोस्टात मनीऑर्डरची खिडकी वेगळी, बचत बँकेची वेगळी. तशा संगणकाला ० पासून ६५५३५ पर्यंत क्रमांकाच्या खिडक्या असतात. त्यांनाच पोर्ट म्हणायचे. सिंकथिंग २२००० क्रमांकाच्या खिडकीवर बसते आणि एकाच खोलीतल्या संगणकांना हाक मारायला २१०२७ वापरते. टोरंटची सॉफ्टवेअरे परंपरेने ६८८१ ते ६८८९ या खिडक्या वापरत, आता बहुतेक स्वतःच एखादा क्रमांक निवडतात. विंडोजमधले साधे फोल्डर-शेअरिंग ४४५ वर चालते.

खिडकीवर माल देण्याच्या दोन पद्धती आहेत. टीसीपी म्हणजे पोचपावतीचे टपाल. २०२५ साली रजिस्टर टपाल स्पीड पोस्टात सामावले गेले, पण पोचपावती म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. यूडीपी म्हणजे साधे पत्र, टाकले पेटीत. टीसीपीची सुरुवात तर थेट आपल्या ब्लॉक पद्धतीसारखी आहे. हा संगणक विचारतो, लाइन मोकळी आहे का? तो म्हणतो, मोकळी आहे, तुमची तयारी आहे ना? हा म्हणतो, आहे. हे तीन निरोप झाल्याखेरीज एक अक्षरही पुढे सरकत नाही. पुढच्या स्टेशनाने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी सोडत नाहीत, तसेच.

फायरवॉल म्हणजे गेटमन. कोणत्या खिडकीवर बाहेरच्याला येऊ द्यायचे याची यादी त्याच्याजवळ असते. विंडोजमध्ये हा गेटमन २००४ सालच्या एक्सपीच्या दुसऱ्या सर्व्हिस पॅकपासून मुळातच कामावर हजर असतो. त्याचा साधा नियम असा : आतून बाहेर जाणाऱ्याला सहसा अडवायचे नाही, बाहेरून आपणहून येणाऱ्याला यादीत नाव असेल तरच सोडायचे.

तपासणीचा क्रम

बिघाड शोधताना आपण चाळीस ठिकाणी हात घालतो आणि शेवटी कशाने दुरुस्त झाले तेच कळत नाही. लाइनवर बिघाड झाला तर सिग्नलचा मेंटेनर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. आपणही आतून बाहेर जायचे.

पहिली तपासणी : खिडकीवर माणूस बसला आहे का? सॉफ्टवेअर चालू नसेल तर बाकी सगळे बरोबर असूनही खिडकी बंदच दिसणार. विंडोजच्या काळ्या पडद्यावर नेटस्टॅट ही आज्ञा दिली की कोणत्या पोर्टवर कोण वाट पाहत आहे त्याची यादी येते. यादीत २२००० नसेल तर फायरवॉलला दोष देण्यात अर्थ नाही. टोरंटच्या सॉफ्टवेअरचा क्रमांक सेटिंगमध्ये पाहावा. सॉफ्टवेअरमध्ये एक क्रमांक आणि राउटरमध्ये दुसरा, ही चूक फार जागी आढळते.

दुसरी तपासणी : शेजारच्या टेबलावरून जोडून पाहा. त्याच खोलीतल्या दुसऱ्या संगणकावरून पॉवरशेलमधील टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा पत्ता आणि पोर्ट देऊन चालवावी. ती टीसीपीचीच परीक्षा घेते, यूडीपीची नाही, हे ध्यानात ठेवा. शेजारून जमले आणि बाहेरून जमत नसेल तर दोष राउटरकडे किंवा त्याच्याही पुढे आहे. शेजारूनही जमत नसेल तर दोष बहुधा याच संगणकाच्या गेटमनकडे आहे. नुसत्या पिंगवर निकाल देऊ नका. गेटमन पिंगला उत्तर देत नसेल तरी खिडकी चालू असू शकते, आणि पिंगला उत्तर आले म्हणून खिडकी उघडी आहे असेही होत नाही.

उत्तर कसे येते तेही पाहावे. तत्काळ नकार आला तर निरोप तिथवर पोचला, पण खिडकीवर कोणी नाही. बराच वेळ काहीच उत्तर आले नाही तर वाटेत कोणीतरी मुकाट्याने पत्र टोपलीत टाकले. हे मौन बहुधा फायरवॉलचे असते. त्या बेचाळिसाव्या दिवशी आम्हाला मौनच मिळाले होते, पण त्याचा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता.

तिसरी तपासणी : गेटमनची यादी वाचा. आमचा दोष इथेच होता. एखादे सॉफ्टवेअर पहिल्यांदा खिडकी उघडते तेव्हा विंडोज एक चौकट दाखवून विचारते, याला परवानगी द्यायची का? आमच्यापैकी कोणीतरी घाईत ती रद्द केली. रद्द म्हणजे "नंतर बघू" असा आमचा समज. विंडोजने त्याचा अर्थ "नाही" असा घेतला आणि त्या सॉफ्टवेअरच्या नावाने मनाईचा नियम लिहून ठेवला. पुढे आम्ही परवानगीचा नवा नियम घातला, तरी उपयोग झाला नाही. कारण मनाई आणि परवानगी दोन्ही असतील तर गेटमन मनाईच मानतो. तेव्हा आधी जुनी मनाई काढा, मग एकच परवानगी लिहा : अमुक सॉफ्टवेअर, अमुक पोर्ट.

याच यादीत आणखी एक खोच आहे. विंडोज प्रत्येक जाळ्याला खाजगी किंवा सार्वजनिक असा शिक्का मारते, आणि परवानगी बहुधा खाजगीपुरतीच दिलेली असते. कार्यालयात नवा राउटर आला की विंडोजला ते जाळे नवे वाटते, त्यावर सार्वजनिक असा शिक्का बसतो आणि काल चालणारी गोष्ट आज अडते. "आम्ही काहीच बदलले नाही" असे सांगणाऱ्या शाखेला आम्ही पहिला प्रश्न विचारतो : राउटर बदलला का? काही अँटिव्हायरस स्वतःचा वेगळा गेटमन ठेवतात. तसे असेल तर त्याचीही यादी पाहावी लागते.

चौथी तपासणी : राउटर. कार्यालयातले सगळे संगणक बाहेरच्या जगाला एकाच पत्त्याने दिसतात. चाळीतल्या बिऱ्हाडकरूला "मार्फत" पत्र यावे तसा हा प्रकार आहे. आतून कोणी पत्र पाठवले तर राउटर त्याची नोंद ठेवतो आणि उत्तर त्या बिऱ्हाडाला देतो. पण अनोळखी पत्र आले आणि खोलीचा क्रमांक त्याला ठाऊक नसेल तर तो ते टाकून देतो. म्हणून राउटरमध्ये सांगून ठेवावे लागते की २२००० च्या नावाने येईल ते या संगणकाकडे द्या. याला पोर्ट फॉरवर्डिंग म्हणतात.

यात तीन चुका वारंवार होतात. एक, वीज जाते, राउटर पुन्हा चालू होतो, संगणकाला आतला पत्ता नवा मिळतो आणि फॉरवर्डिंग जुन्या पत्त्यावरच राहते. बिऱ्हाड बदलले, टपाल जुन्या खोलीत, अशी गत. राउटरमध्ये त्या संगणकाचा पत्ता राखून ठेवावा. दोन, कंपनीचा एक डबा आणि आपला दुसरा राउटर असे दोन दरवाजे एकापुढे एक असतात आणि आपण एकच उघडतो. तीन, आपल्याच कार्यालयात बसून आपला बाहेरचा पत्ता तपासतो. कित्येक राउटरांना असा वळसा घेता येत नाही आणि चालू खिडकी बंद दिसते. ही परीक्षा नेहमी बाहेरून, मोबाइलच्या इंटरनेटवरून घ्यावी, आणि घेताना सॉफ्टवेअर चालू ठेवावे.

यूपीएनपी नावाची एक सोय राउटरमध्ये असते. तिच्यामुळे सॉफ्टवेअर स्वतःच दार उघडून घेते. काम सोपे होते, पण मग कोणतेही सॉफ्टवेअर न विचारता दार उघडू शकते. ज्यांना हाताने फॉरवर्डिंग जमते त्यांनी ती बंदच ठेवावी.

पाचवी तपासणी : कंपनीचा दरवाजा. इथे आपल्या हातात काही नसते. जुन्या पद्धतीचे पत्ते जगाला पुरेनासे झाले, म्हणून इंटरनेट देणाऱ्या कंपन्या हजारो ग्राहकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवतात. मोबाइलच्या इंटरनेटवर तर हे सर्रास चालते. ओळखण्याची खूण अशी : राउटरच्या पानावर जो बाहेरचा पत्ता दिसतो आणि बाहेरचे संकेतस्थळ आपला जो पत्ता सांगते, ते दोन जुळत नाहीत. राउटरवरचा पत्ता १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतच्या आकड्यांनी सुरू होत असेल तर शंकाच नको. ही पट्टी २०१२ साली याच कामासाठी राखून ठेवली गेली. अशा वेळी राउटरमध्ये कितीही फॉरवर्डिंग करा, उपयोग नाही. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागावा, किंवा आयपीव्ही६ ची नवी पद्धत दोन्हीकडे असेल तर तिचा उपयोग करावा. तिच्यात प्रत्येक संगणकाला स्वतःचा पत्ता मिळतो, मग गेटमनची परवानगी तेवढी लागते.

आमच्या प्रकरणात जंक्शनची शाखा मोबाइलच्या इंटरनेटवर होती, म्हणजे या मोठ्या दरवाजामागे. तिच्याकडे आम्ही जाऊ शकत नव्हतो. ती आमच्याकडे येत होती, तर आमचा गेटमन तिला अडवत होता. यातून एक दिलाशाची गोष्ट ध्यानात घ्या. दोघांपैकी एकाचे दार नीट उघडे असले की पुरते. ज्या शाखेला शक्य आहे तिने आपले दार व्यवस्थित ठेवले, तर दहा अडचणीतल्या शाखा तिच्याशी जोडल्या जातात. संघटना याहून वेगळी काय असते!

सीलबंद पिशवी

दोघांचीही दारे बंद असतील तरी सिंकथिंगला एक मार्ग उरतो. तिसरा एक संगणक मध्ये राहून माल पुढे पोचवतो. त्याला रिले म्हणतात. वेग कमी होतो, पण काम होते. आम्ही मात्र ही सोय आधीच बंद करून ठेवली होती. सभासदांचे कागद परक्याच्या हातून का जावेत, असा विचार केला. विचार प्रामाणिक होता, माहिती अपुरी होती. आर.एम.एस.च्या डब्यातून पिशवी जाते ती सीलबंद. नेणारा ती उघडत नाही. इथेही मजकूर दोन्ही टोकांना कुलूपबंद झालेला असतो आणि मधल्याला तो वाचता येत नाही. रिले चालू असता तर त्या दिवशी फाइल हळू का होईना, आली असती आणि फायरवॉलला हात लावण्याची वेळ आली नसती. काळजी घेतली ती चुकीच्या जागी, आणि जिथे घ्यायची तिथे आम्ही दार सताड उघडे टाकले.

उघड्या दाराची किंमत

कोणी म्हणेल, एवढी भीती कशाला? १२ मे २०१७ ची आठवण करून देतो. त्या दिवशी वॉनाक्राय नावाचा खंडणीखोर व्हायरस जगभर पसरला. दीडशेवर देशांत दोन लाखांहून अधिक संगणक त्याच्या तावडीत सापडले. कोणी काही उघडले नाही, कुठे बोट दाबले नाही, तरी तो एका संगणकातून दुसऱ्यात शिरत होता. वाट कोणती? विंडोजच्या फाइल-शेअरिंगचीच, म्हणजे ४४५ क्रमांकाची खिडकी. ब्रिटनच्या सरकारी इस्पितळांत शस्त्रक्रिया आणि भेटी रद्द कराव्या लागल्या. जर्मन रेल्वेच्या स्थानकांवर गाड्यांच्या वेळा दाखवणाऱ्या फलकांवर खंडणीची मागणी झळकली. आपल्यासारख्याच रेल्वे कामगारांना त्या दिवशी प्रवाशांना तोंड द्यावे लागले. त्या छिद्रावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच, म्हणजे जवळजवळ दोन महिने आधी, दिलेली होती. ज्यांनी ती बसवली ते वाचले.

यातून दोन नियम. ४४५ ची खिडकी राउटरमधून बाहेरच्या जगाला कधीही उघडायची नाही. ती एका कार्यालयाच्या आतच राहावी. आणि विंडोजची दुरुस्ती आली की ती "उद्या" करायची नाही.

खात्याचा संगणक खात्याचा

हे सगळे आम्ही सांगितले ते युनियनच्या स्वतःच्या संगणकाबद्दल आणि स्वतःच्या जोडणीबद्दल. खात्याच्या संगणकावर असे सॉफ्टवेअर बसवू नका, खात्याची फायरवॉल चुकवण्याची युक्ती शोधू नका. ती भिंत आपली नाही, आणि तिच्यामागे प्रवाशांची आणि ठेवीदारांची माहिती आहे. शिवाय आरोपपत्राला निमित्त आपण आपल्या हाताने देऊ नये. एका सभासदाचे अपील पाठवताना दुसऱ्यावर आरोपपत्र येणे परवडणारे नाही. तसेच फाइल-शेअरिंग म्हटले की कित्येकांना सिनेमे उतरवून घेणे आठवते. युनियनच्या संगणकावर तेही नको. साधन निर्दोष आहे, वापर आपल्या हाती आहे.

साथींनो, सिग्नल बिघडला आणि लालच राहिला तर आपण काय करतो? इंटरलॉकिंग तोडून सगळ्या गाड्या मोकळ्या सोडत नाही. ड्रायव्हरला लेखी अधिकारपत्र देतो. ते त्या एका गाडीसाठी, त्या एका सिग्नलसाठी असते, आणि त्याची नोंद राहते. फायरवॉलच्या बाबतीत आमची विनंती हीच आहे. प्रत्येक शाखेने एक साधी वही घालावी. कोणते पोर्ट उघडले, कोणत्या सॉफ्टवेअरसाठी, कोणी, कोणत्या तारखेला, आणि बंद केव्हा केले. परीक्षेपुरती फायरवॉल बंद करावीच लागली तर आधी इंटरनेटची तार काढा, वहीत वेळ लिहा आणि चालू केल्याची सही होईपर्यंत खुर्ची सोडू नका. अशी वही आमच्याकडे असती तर ते एकोणीस दिवस गेले नसते.

सभासद आपल्या हाती कागद देतो तेव्हा तो दोन गोष्टी गृहीत धरतो : कागद वेळेवर पोचेल, आणि भलत्याच्या हाती जाणार नाही. टपालवाल्यांनी आणि रेल्वेवाल्यांनी ही दोन वचने देशभर पिढ्यान्‌पिढ्या पाळली आहेत. फक्त पिशवीचे रूप बदलले आहे.

 कामगार एकजुटीचा विजय असो!